गावठाणातली जुनी पाण्याची लाइन बदलायचं टेंडर: पहिल्यांदाच स्वतःच्या नावावर भरतोय, किती बिलो परवडेल?

वारणाकाठ

नमस्कार मंडळी.

मी अकरा वर्षं पाइपलाइनची कामं करतोय, पण जवळजवळ सगळी दुसऱ्याच्या नावावर. टेंडर मोठ्या ठेकेदाराचं. खोदाई, पाइप उतरवणं, जोड, टेस्टिंग आमच्या गँगचं. मीटरवर रेट ठरायचा, शनिवारी पगार वाटायचा. बिल कधी निघालं, किती निघालं, याच्याशी माझा संबंध यायचा नाही. दोन वर्षांपूर्वी एका नगरपंचायतीचं 38 लाखांचं काम तेवढं माझ्या नावावर झालं. पूर्णत्वाचा दाखला हातात आहे.

आता आमच्या भागातल्या एका नगरपालिकेची निविदा महाटेंडर्सवर, म्हणजे राज्याच्या ऑनलाइन टेंडरच्या साइटवर आली आहे. नाव इथे घेत नाही. गावठाणातली जुनी बिडाची आणि एसी (अ‍ॅस्बेस्टॉस-सिमेंट) पाइपची लाइन बंद करून नवीन टाकायची. 150 एमएम डीआय (डक्टाइल आयर्न, नव्या प्रकारचं बीड) के-9 1,400 मीटर, 110 एमएम एचडीपीई (प्लास्टिक) 2,800 मीटर, पाणी बंद-चालू करायचे 14 स्लूस व्हॉल्व्ह, 480 घरजोडण्या आणि रस्ता पूर्ववत करणं. अंदाजपत्रक 1 कोटी 12 लाख, जीएसटी वेगळा. बी-1, म्हणजे टक्केवारीचं टेंडर: अंदाजपत्रकाच्या किती टक्के खाली (बिलो) किंवा वर काम करणार, तो आकडा भरायचा. मुदत पावसाळा धरून 9 महिने. दोष दायित्व 36 महिने, म्हणजे तोवर काही बिघडलं तर दुरुस्ती आपल्या खर्चाने. बयाणा 1 लाख 12 हजार. अनुभवाची अट अंदाजपत्रकाच्या 30 टक्के किमतीचं एक काम अशी आहे, म्हणजे 33 लाख 60 हजार. माझे 38 लाख त्यात बसतात.

बाजारात चर्चा अशी की दोघे जण 18-20 टक्के बिलो जाणार. मी घरी बसून हिशोब केला तर 14 बिलोला चार पैसे उरतील असं दिसतंय. पाइपवाला दरसूचीच्या (सरकारी दरांच्या यादीच्या) 6 टक्के खाली माल द्यायला तयार आहे. जेसीबी आणि ट्रॅक्टर घरचा. चौदा माणसं माझ्याकडे कायमची.

वडील म्हणतात, दुसऱ्याच्या नावावर सुखात आहेस, कशाला डोक्याला ताप. पण मुलगी आठवीत गेली. दरवर्षी तिच्या शाळेच्या फॉर्मवर बापाचा व्यवसाय लिहिताना मला थांबायला होतं. ठेकेदार लिहू की मजूर?

14 बिलो भरू का? माझ्या नजरेतून काय सुटतंय, ते ज्यांनी अशी कामं केली आहेत त्यांनी सांगावं.

माणदेशी_ताई

भाऊ, आमचा पाइपलाइनचाच धंदा. मिस्टर साइट बघतात, टेंडर आणि बिलं मी बघते, सतरा वर्षं झाली. तुमचा 14 चा आकडा कसा आला ते मला कळलं, कारण पहिल्या गावठाणाच्या कामाला आम्हीही असाच काढला होता.

तुमच्या अंदाजपत्रकात पाइप, व्हॉल्व्ह, फिटिंग मिळून निम्म्याच्या आसपास रक्कम असणार. 52 लाख धरा. बाकी 60 लाख म्हणजे खोदाई, टाकणं, जोडण्या, रस्ता. 14 टक्के बिलो म्हणजे तुम्ही पालिकेला 15 लाख 68 हजार सोडताय. पाइपवाला तुम्हाला 6 टक्के सोडतोय, ते झाले 3 लाख 12 हजार. उरलेले 12 लाख 56 हजार कुठून काढणार? त्या 60 लाखांतूनच. म्हणजे कागदावर 14 दिसलं तरी ज्या कामात तुमच्या माणसांचा घाम आहे तिथे तुम्ही जवळजवळ 21 टक्के बिलो आहात. टक्केवारीचं टेंडर भरताना हा हिशोब केल्याशिवाय मी आता आकडा टाकत नाही.

आणि गावठाण म्हणजे शिवारातली लाइन नव्हे. शिवारात जेसीबी दिवसाला दोनशे मीटर चर मारतो. गावठाणात आठ फुटांची बोळ, एका बाजूला गटार, दुसऱ्या बाजूला लोकांच्या पायऱ्या. तिथे यंत्र जातच नाही, सगळं टिकाव-फावड्याने. आमच्या त्या कामात तीस-पस्तीस मीटर झालं की दिवस चांगला गेला म्हणायचो. तुमच्या 2,800 मीटर एचडीपीईतले किती मीटर अशा बोळांतले आहेत ते टेप धरून मोजा. घरचा जेसीबी तिथे उभाच राहणार आहे.

एक प्रसंग सांगते, कारण तो मला अजून झोपेत दिसतो. गावठाणाची जमीन काळी नसते, पांढरी असते. शेकडो वर्षांची राख, पडक्या घरांची माती, सगळी भुसभुशीत. आम्ही एका जुन्या माळवदाच्या घराला लागून चर खोदला. जेमतेम साडेतीन फूट खोल. घराच्या भिंती मातीच्या, खाली पाया म्हणून दगडाचा एक थर. संध्याकाळी काम बंद केलं, रात्री पाऊस आला, चरात पाणी साचलं. पहाटे पाच वाजता त्या घरातल्या आजींचा नातू आमच्या खोलीवर पळत आला. भिंतीला हात जाईल एवढी भेग पडली होती. देवाची कृपा म्हणून कुणाला काही झालं नाही. मिस्टरांनी तिथल्या तिथे चर भरून घेतला, लाकडी टेकू लावले. पुढे ती भिंत आम्ही पदरच्या पैशाने बांधून दिली. 1 लाख 40 हजार गेले आणि तो खर्च कुठल्याही आयटममध्ये बसत नव्हता. तेव्हापासून मातीच्या भिंतीशेजारी आम्ही एकदम लांब चर उघडत नाही. दहा-बारा मीटर खोदायचं, पाइप टाकायचा, त्याच दिवशी भरायचं. त्यात वेळ जातो, म्हणजे मजुरी जाते. हे सगळं टक्का ठरवताना धरायचं असतं.

तुम्ही 14 भरू नका. पण किती भरा हे मी सांगणार नाही. बोळ न बोळ फिरून आल्यावर तो आकडा तुम्हालाच सापडेल.

नवा_भिडू

माझं मत वेगळं आहे. पहिलं काम नफ्यासाठी नसतंच. 1 कोटीच्या कामाचा दाखला मिळाला की पुढे तीन कोटींची टेंडरं भरता येतात. 15-16 बिलो जा, ना नफा ना तोटा करा, दाखला पदरात पाडून घ्या. मी रस्त्याच्या कामात हेच केलं.

माणदेशी_ताई

नवा_भिडू, रस्त्याचं काम डोळ्यांसमोर असतं. खडी किती, डांबर किती, एक दिवस फिरलात की अंदाज येतो. इथे निम्मं काम जमिनीच्या पोटात आहे आणि ते कुणीच पाहिलेलं नाही. ना नफा ना तोटा धरून निघालेला माणूस अशा कामात तोट्यातच उतरतो. आणि काम अर्धवट राहिलं तर दाखला सोडाच, अनामत जप्त होते आणि काळ्या यादीची नोटीस येते. ज्याच्या घरात चौदा माणसांचा पगार दर शनिवारी वाटायचा आहे त्याला हा सल्ला मी देणार नाही.

निवृत्त_शाखाअभियंता

मी पाणीपुरवठ्यात 31 वर्षं काढली, टेबलाच्या पलीकडच्या बाजूला. ताईंनी पैशाचं नेमकं सांगितलं. मी कागदाचं सांगतो.

सगळ्यात आधी निधी कुठला आहे ते पाहा. निविदा सूचनेत लेखाशीर्ष किंवा योजनेचं नाव असतं. अमृत किंवा नगरोत्थानसारखी सरकारी योजना, वित्त आयोग, जिल्हा नियोजन की पालिकेचा स्वनिधी, यावर तुमचं बिल किती दिवसांनी निघेल हे ठरतं. स्वनिधी असेल तर त्या पालिकेची पाणीपट्टी किती वसूल होते याची चौकशी करा. तुमच्यासारख्या माणसाला खर्च जास्त झाल्याने तितका फटका बसत नाही, जितका काम चालू असतानाचं दुसरं बिल चार महिने अडकल्याने बसतो. पाइपवाला थांबेल, मजूर थांबणार नाही.

दुसरं म्हणजे बी-1 करारातलं कलम 38. टेंडरमधली परिमाणं अंदाजे असतात. एखाद्या आयटमचं परिमाण 25 टक्क्यांपर्यंत वाढलं तर वाढीव काम तुम्हाला टेंडरच्याच दराने करावं लागतं. ज्या आयटममध्ये तुम्हाला मीटरमागे तोटा आहे तो नेमका वाढला, तर तोटाही त्या प्रमाणात वाढतो. म्हणून 480 घरजोडण्या हा आकडा मला खटकतो. असे आकडे बहुधा कर विभागाच्या नळ नोंदवहीतून उचललेले असतात. जागेवर फिरलं की वाडे वाटण्या होऊन चार-चार चुली झालेल्या दिसतात. नोंद एका नळाची, पाणी चार घरांत. जुनी लाइन बंद केल्याच्या दुसऱ्या दिवशी ती सगळी घरं तुमच्या माणसांभोवती उभी राहतील. त्यांचं चुकत नाही, त्यांना पाणी हवंच आहे. पण त्यांना जोडायचं की नाही, कुणाच्या खर्चाने, याचा लेखी निर्णय तुमच्या हातात असला पाहिजे.

त्याच आयटमचं वर्णन शब्दन् शब्द वाचा. जोडणीत किती मीटर एमडीपीई (प्लास्टिकची) नळी धरली आहे? सरासरी 3 मीटर असं लिहिलेलं असतं. नवी लाइन रस्त्याच्या एका कडेने जाणार आणि निम्मी घरं समोरच्या कडेला. तिथे 6-7 मीटर नळी आणि आडवा रस्ता फोडणं आलं.

बिलातून काय काय कापलं जातं ते मांडून ठेवा: आयकर, जीएसटीचा टीडीएस 2 टक्के, कामगार उपकर 1 टक्का, सुरक्षा अनामत, शासकीय विमा निधीचा विमा काढला नसेल तर ती रक्कम, आणि वाळू-खडी-मुरमाच्या रॉयल्टीच्या पावत्या जोडल्या नाहीत तर रॉयल्टी. यातलं काही परत मिळतं, काही मिळत नाही, पण हातात येणारी रक्कम त्या महिन्यात कमी होते हे खरं. जीएसटी अंदाजपत्रकात कसा धरलाय तेही बघा. 18 जुलै 2022 पासून स्थानिक संस्थांच्या अशा कामांना 12 ऐवजी 18 टक्के लागू झाला, तेव्हा जुन्या दराने धरून बसलेल्या ठेकेदारांची धावपळ मी जवळून पाहिली आहे.

आणि 10 टक्क्यांपेक्षा जास्त बिलो गेल्यास अतिरिक्त सुरक्षा रक्कम किती, हे त्याच निविदेत शोधा. ती तुम्हाला काम हातात घेण्याआधी भरायची असते.

शेवटचं, आणि हे मी नोकरीतला माणूस म्हणून नाही, पाणी पिणारा माणूस म्हणून लिहितो. 2012 मध्ये इचलकरंजीत काविळीची साथ आली, माणसं दगावली. आपल्या शहरांना दिवसातून तासभर पाणी येतं, कुठे दिवसाआड येतं. लाइन रिकामी होते तेव्हा गळक्या जोडातून आजूबाजूचं गटाराचं पाणी आत ओढलं जातं आणि पुढच्या दिवशी पहिल्या हंड्यात तेच येतं. जोड पाण्याने भरलेल्या चरात घाईघाईने केला तर ती गळती तुम्ही नव्या लाइनमध्येही ठेवून जाता. अति बिलो भरलेल्या कामात पहिली काटछाट जोडावर आणि टेस्टिंगवर होते. मी ती होताना पाहिली आहे, दोनदा काम थांबवलं आहे, आणि दोन्ही वेळा मला वरून फोन आले आहेत.

वारणाकाठ

ताई, साहेब, तुमचे आभार कसे मानू कळत नाही. तुमचं वाचलं त्या रात्री झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी मी आणि माझा भाचा टेप, वही आणि खडूची पेटी घेऊन निघालो. तीन दिवस सकाळी पाणी सुटायच्या वेळी फिरलो, कारण तेव्हाच कुठल्या घरात नळ आहे ते कळतं. बायका दारात हंडे लावून उभ्या असतात, विचारलं की सांगतात. एका मावशींनी चहा दिला आणि म्हणाल्या, लाइन कधी येणार ते नंतर सांगा, आधी हे बघा. त्यांनी पातेलं पुढे केलं. पाण्यावर बारीक काळे कण होते आणि वास गटाराचा. त्या ते पाणी दोनदा गाळून उकळून पितात. घरात चार महिन्यांचं बाळ आहे.

मोजणी अशी आली. नळ 611. टेंडरमध्ये 480. फरक 131 चा, म्हणजे साहेब म्हणतात त्या 25 टक्क्यांच्याही थोडा वर. रस्त्याच्या दोन्ही कडांचा विचार केला तर 270 घरांना 5 मीटरपेक्षा जास्त नळी लागेल. जेसीबी जाणार नाही अशी लांबी 1,650 मीटर. मी घरी बसून 600 धरली होती.

अभियंत्यांची परवानगी घेऊन एका ठिकाणी खड्डाही मारून पाहिला, मारुती मंदिराच्या मागच्या तिठ्यावर. वर डांबर, त्याखाली जुना काँक्रीटचा थर, त्याखाली फरसबंदी, मग पांढरी. कागदावर खोदाई 'मऊ व कठीण मुरूम' अशी आहे. फरसबंदी काढून परत बसवायचा आयटमच नाही. चार फुटांवर जुना बिडाचा नळ लागला, आणि त्याच्यापासून वितीवर दगडी गटार. मध्ये नुसती ओली माती. मी हात घातला तर बोटं काळी झाली.

दोन प्रश्न. एक, बिडाच्या चालू लाइनला डीआय जोडताना माप जुळेल का? माझी सगळी कामं नव्याला नवं जोडायची होती. दोन, एसी पाइप काढून टाकायचा की जमिनीत सोडायचा?

शिसं_ओतणारा

बाळा, तुझ्या दुसऱ्या प्रश्नापासून सुरू करतो. एसी पाइपला हात लावू नकोस. कापावाच लागला तर कोरडा कटर कधीच चालवायचा नाही. पाणी मारत हाताच्या करवतीने काप आणि तोंडाला चांगला मास्क लाव. त्यात अ‍ॅस्बेस्टॉस असतं, त्याची धूळ फुप्फुसात बसली की निघत नाही. आमच्या उमेदीच्या काळात हे कुणी सांगितलं नाही. माझ्याबरोबरचे दोन फिटर शेवटी दम लागून गेले. कशाने ते डॉक्टरांनी लिहून दिलं नाही, पण मी धुळीत उभा होतो आणि मला ती धूळ आठवते. लाइन बदलायची म्हणजे जुनी उपटायची असं नाही. टोकं बंद करून जमिनीतच सोडतात. टेंडरमध्ये 'काढणे' असा शब्द असेल तर साहेब म्हणतात तसं आधी लेखी विचार.

आता माप. मी चाळीस वर्षं नळ जोडले, त्यातली पहिली पंधरा शिशाच्या जोडाची. सुतळी ठोकायची, वितळलेलं शिसं ओतायचं, थंड झालं की छिन्नीने ठासायचं. तुझ्या गावठाणातला बिडाचा नळ बहुतेक तसलाच निघेल. जुना नळ इंची मापाचा असेल तर सहा इंची आणि आजचा 150 एमएम बाहेरून सारखेच असतील असं धरून चालायचं नाही. आतून पाणी सारखंच जातं, बाहेरून जाडी वेगळी. आणि बिडाच्या वर्गाप्रमाणेही फरक पडतो. जोड बाहेरच्या मापावर बसतो.

खड्डा उघडा असेल तर तारेचा ब्रश मारून नळ गंज निघेपर्यंत साफ कर, शिंप्याची टेप त्याच्याभोवती गुंडाळ आणि घेर लिहून घे. घेराला 3.14 ने भागलं की बाहेरचा व्यास. डीआय 150 चा बाहेरचा व्यास 170 एमएम असतो, म्हणजे घेर साधारण 534. तुझ्या टेपवर 550-560 आला तर साधा कॉलर बसणार नाही, वेगवेगळ्या मापाला चालणारं कपलिंग मागवावं लागेल. ते गावात दुकानात मिळत नाही. मी एकदा रात्री अकरा वाजता पाणी बंद करून नळ कापून बसलो होतो आणि आणलेलं कपलिंग चार एमएमने लहान निघालं. सकाळी सहाला निम्म्या शहराला पाणी सोडायचं होतं. गाडी पाठवून दुसरं आणेपर्यंत दुपार झाली. लोक शिव्या देत होते आणि त्यांचं बरोबर होतं. प्रत्येक जोडाच्या जागी खड्डा घेऊन माप घे, एका खड्ड्यावर विसंबू नकोस.

एचडीपीईचंही एक सांगतो. बोळात बट वेल्डिंगचं (पाइपची टोकं गरम तव्यावर वितळवून चिकटवायचं) मशीन, जनरेटर आणि दोन माणसं उभी राहतील का ते बघ. राहत नसतील तर वर मोकळ्या जागेत तीस-चाळीस मीटरची लांबी जोडून ती खेचत आत न्यायची. तव्याचं तापमान 210-220 च्या आसपास राहिलं पाहिजे, वारा लागला की ते पडतं, म्हणून ताडपत्रीचा आडोसा करायचा. आणि जोड गार होईपर्यंत क्लॅम्प काढायचा नाही. पोरं घाई करतात. तू उभा राहा, त्यांना घड्याळ दाखव. ओल्या पाइपवर इलेक्ट्रोफ्यूजनचा, म्हणजे वीज लावून वितळणाऱ्या फिटिंगचा, जोड तर करूच नकोस. दिसायला छान दिसतो, सहा महिन्यांत गळतो, आणि तुझं दायित्व तीन वर्षांचं आहे.

निवृत्त_शाखाअभियंता

वारणाकाठ, तुम्ही तीन दिवसांत जे केलंत ते अंदाजपत्रक करणाऱ्याने करायला हवं होतं. निविदापूर्व बैठक झाली नसेल तर ती यादी, खड्ड्याचे फोटो आणि फरसबंदीचा प्रश्न लेखी द्या. नुसतं तोंडी सांगू नका, आवकचा शिक्का घ्या. काही लोक सांगतील की ही माहिती स्वतःपुरती ठेव, इतरांना कशाला कळू देतोस. तसं करू नका. सगळ्यांनी खऱ्या परिमाणावर भरलं तरच तुमचा खरा दर टिकेल. नाहीतर 480 धरून 20 बिलो जाणारा माणूस तुमच्या पुढे जाईल आणि ते काम मध्येच पडेल.

अपलोड करताना दर भरायची फाइल आहे त्याच नावाने ठेवा, नाव बदललं तर संगणक घेत नाही. डिजिटल सहीची मुदत आजच तपासा. आणि सगळं अपलोड झाल्यावर 'फ्रीज बिड' दाबल्याशिवाय उठू नका. शेवटच्या तासावर ठेवू नका. साइट बंद पडली हे कारण कुणी ऐकत नाही.

वारणाकाठ

उशिरा लिहितोय, माफ करा. काल रात्री टेंडर सबमिट केलं.

निविदापूर्व बैठकीला सात ठेकेदार होते. मी यादी ठेवली तेव्हा एक-दोघे माझ्याकडे बघायला लागले. उपअभियंत्यांनी यादी हातात घेऊन पानं उलटली आणि म्हणाले, हा तिठा मला माहीत आहे. आठवड्याने शुद्धिपत्रक आलं. घरजोडण्या 600. फरसबंदी काढून पुन्हा बसवण्याचा आयटम आला. जोडणीतली नळी सरासरी 3 वरून 4.5 मीटर झाली. एसी पाइप 'जागेवर बंद करणे' असं स्पष्ट लिहून आलं. अंदाजपत्रक 1 कोटी 26 लाखांवर गेलं, टेंडर भरायची मुदत 10 दिवस वाढली. अनुभवाची रक्कम 37 लाख 80 हजार झाली. माझा दाखला 38 लाखांचा. वीस हजारांनी वाचलो. पाकिटात पैसे राहिले नाहीत तरी चालेल पण तो दाखला मी दोनदा स्कॅन करून लावला.

ताई, तुमच्या पद्धतीने हिशोब केला. माल वेगळा, घाम वेगळा. बोळांतली खोदाई दिवसाला तीस मीटरने धरली. मातीच्या भिंतीची 41 घरं मोजली आहेत, त्यांच्यासाठी टेकू आणि जादा दिवस धरले. दुसरं बिल तीन महिने अडकलं तर पगार कुठून द्यायचे, तेही लिहून काढलं. सगळं धरून 4.8 टक्के बिलो भरलं. जास्तीत जास्त 6 पर्यंत जाता आलं असतं, पण मग टेस्टिंगच्या पंपाचे आणि दोन जादा व्हॉल्व्हचे पैसे काढावे लागत होते. त्या मावशींच्या घरातलं बाळ डोळ्यांसमोर आलं, नाही काढले.

काका, तीन खड्डे घेतले. मारुती मंदिरामागचा घेर 556, पेठेतला 535, शाळेजवळचा 557. कपलिंगचे दर मागवून धरले.

वडील काल संगणकासमोर माझ्या शेजारी बसले होते. 'फ्रीज बिड' दाबलं तेव्हा त्यांनी विचारलं, झालं का? मी हो म्हणालो. मग ते उठले आणि जेसीबीला ग्रीस मारायला गेले.

तांत्रिक लिफाफा सोमवारी उघडणार, दराचा त्यानंतर.

माणदेशी_ताई

4.8 वर ठाम राहा. कुणी फोन करून 'थोडं समजून घ्या' म्हणालं तर फोन उचलू नका. निकाल काही लागो, ती 611 घरांची वही जपून ठेवा.

शिसं_ओतणारा

556 म्हणजे 177 एमएम. इंची मापाचाच आहे, माझा अंदाज बरोबर निघाला. पेठेतला नंतर कधीतरी बदललेला असणार, तिथे साधा कॉलर बसेल.

काम तुला लागलं तर पहिल्या जोडाच्या रात्री मी येतो. पैसे नकोत, फक्त एक माणूस स्टँडवर घ्यायला पाठव, मला आता अंधारात दिसत नाही. तोवर एक काम कर. मारुती मंदिरामागच्या तिठ्यावर जुना व्हॉल्व्ह कुठेतरी डांबराखाली गाडला गेलेला असणार, तीन लाइनी मिळतात तिथे तो असतोच. खड्ड्यापासून लोखंडी सळई ठोकत दोन-तीन मीटर बघ. झाकणावर लागली की आवाज वेगळा येतो. तो सापडला आणि फिरला, तर त्या रात्री निम्मं शहर बंद ठेवावं लागणार नाही, एका पेठेवर भागेल.